रेणुकादासांची रांजणवाडी

"पेशकारी माझीच!" रेणुकादासांनी बायकोला सांगून टाकलं होतं. निजामाच्या राज्यातलं १३४५ फसलीचं, म्हणजे इंग्रजी १९३५-३६चं साल. पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारा, हुकूम लिहून घेणारा; आणि अख्ख्या निलंगा कचेरीत त्यांच्याइतकं सुबक उर्दू लिहिणारं कुणी नव्हतं. परवा जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार, समोर उभं करून पसंत करणार, एवढंच बाकी होतं.

आणि सकाळी उजव्या पापणीवर रांजणवाडी उठली!

दवाखान्याचे कंपाउंडर पाशामियाँ यांनी त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. "डोळे न्हाई आले, मुन्शीजी. आतलं पांढरं साफ हाय. केसाच्या मुळाशी फोड हाय नुसता. गरम पाण्याचं फडकं घ्या, दिवसातून चारदा शेका. दाबू नका. आठवड्यात जातो."

"साहेब परवा येऊन राहिले, मियाँ!"

"मग साहेबाला थांबवा. फोड कुणाचं ऐकत न्हाई."

फुकटचा सल्ला शिकलेल्या माणसाला पचत नाही. घरी येऊन रेणुकादासांनी लसणाची पाकळी ठेचून पापणीवर चोळली.

"अहो, डोळा आहे तो, वांगं नव्हे!" उमादेवी ओरडल्या.

तोवर आग आग झाली होती. त्या रागात त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी फोड दाबला. संध्याकाळपर्यंत पापणी भिजल्या खारकेएवढी झाली!

तरी अक्कल शिल्लक होती. साहेबापुढे बोडक्यानं जाणं म्हणजे गुन्हाच. डोक्यावर दस्तारीचं पागोटं, कमरेला बगलूसाचा पट्टा हवाच. साहेब आले त्या सकाळी रेणुकादासांनी दस्तार भुवईखाली ओढली. खारीक झाकली!

पण दरबारी सलाम वाकून करायचा, तोही तीनदा. पहिल्या सलामाला दस्तार घसरून पापणीवर बसली. दुसऱ्याला भरदिवसा चांदण्या दिसल्या. तिसऱ्याला फोड फुटला, आणि पिवळा ओघळ साहेबांच्या डोळ्यांदेखत गालावरून मिशीत उतरला.

डोळे आलेल्याकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. साहेबांनी रुमाल तोंडावर घेतला. "आँखें आई हैं इसको! हटाओ!"

"नाही हुजूर! रांजणवाडी आहे! बघून लागत नाही, हे पाहा!" म्हणत रेणुकादासांनी दोन बोटांनी पापणी ताणली आणि ते चार पावलं पुढे सरकले.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. गावाबाहेर प्लेगचा कँप होता, तिथली कारकुनाची जागा रिकामी होती. जिथं रोग आहे तिथंच हा माणूस असू दे, असा हुकूम त्यांनी रुमालाआडूनच सोडला.

पू निघून गेल्यावर सूज झपाट्यानं ओसरली. तिसऱ्या दिवशी डोळा लख्ख! हुकूम मात्र कागदावर होता.

वळकटी बांधता बांधता उमादेवींनी विचारलं, "काम काय तिथं?"

"रोज गेलेल्यांची यादी लिहायची. अक्षर चांगलं लागतं म्हणे."

"आधी कोण लिहीत होतं?"

"संगप्पा."

"मग त्याला काढलं का?"

रेणुकादासांनी दौत तपासली, बूच घट्ट बसवलं.

"काढलं नाही. उद्या माझ्या यादीत पहिलं नाव त्याचंच आहे."