आप्पांचा पुरलेला तांब्या

आमच्या शेजारचे नागनाथआप्पा दोन वर्षं स्वतःच्याच परसात, कढीपत्त्याच्या झाडाशेजारी, एक पितळी तांब्या पुरायचे आणि तोच पुन्हा शोधून काढायचे. तांब्या कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, कारण खुणेची वीट त्यांनीच ठेवलेली असायची. तरीही हातातलं यंत्र विटेजवळ जाऊन वाजलं की कुंपणावरून माझ्याकडे बघत ते समाधानाने म्हणायचे, "हितं हाय."

आप्पांना जमिनीतला धातू शोधायचं यंत्र घ्यायचं होतं. चांगलं हवं होतं आणि स्वस्तही हवं होतं. एवढंच असतं तर गोष्ट आठवड्यात संपली असती. पण आप्पांची सगळी नोकरी एका सूतगिरणीत स्टोअरकीपर म्हणून झालेली. तिथे तीन कोटेशनं आल्याशिवाय काही खरेदी व्हायचं नाही. गिरणी सुटली, कोटेशनं सुटली नाहीत. "तीन कोटेशन झाल्याबिगर आपन टाचनी घेत न्हाय, बाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की शाळेत टाचणी दिसली तरी आप्पा आठवतात. काकूंचं म्हणणं असं की त्यांना बघायला येण्याआधी आप्पा आणखी दोन ठिकाणी पोहे खाऊन आले होते. "मी तिसरं कोटेशन," असं त्या पाहुण्यांनाही सांगतात.

मी या भानगडीत ओढली गेले ती माहितीपत्रकांमुळे. यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत. मी शाळेत मराठी शिकवते, असं मी आप्पांना सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. बाई म्हणजे सगळं वाचता येणारी, असा त्यांचा हिशेब.

पहिलं कोटेशन स्टेशनजवळच्या एका दुकानातलं. कॅमेरे आणि वॉचमनचं सामान विकणारं दुकान. दुकानदाराने ती मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात तसली काठी काढली. आप्पांनी आधी ती स्वतःवरच चालवून घेतली. ती चष्म्याला वाजली, गळ्यातल्या ताईताला वाजली आणि कवळीच्या तारेलाही वाजली. जमिनीत किती खोल जाते, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, खिशापर्यंत.

दुसरं ऑनलाइन. लांब दांडा आणि खाली थाळीएवढी चकती. सात दिवसांत परत करायची सोय असल्यामुळे आप्पांनी एकामागून एक अशी चार यंत्रं मागवली, तांब्यावर फिरवून पाहिली आणि सहाव्या दिवशी परत पाठवली. पुढे पुढे कुरिअरवाला डबा देतानाच विचारायचा, आप्पा, न्यायला मंगळवारी येऊ का?

तिसरं कोटेशन कुंभारी गावच्या रेडिओ मेकॅनिकचं. त्याने बादलीच्या झाकणाला तांब्याची तार गुंडाळून यंत्र केलं होतं. सगळ्यांत स्वस्त तेच. फक्त ते कुठेही धरलं तरी मेकॅनिकची स्वतःची मोटारसायकल दाखवायचं.

हे सगळं आप्पा एका वहीत रकाने आखून लिहीत. खोली, वजन, सेल किती खातंय, वॉरंटी. सोन्यासाठी रकाना नव्हता. दुकानदार मात्र डोळा बारीक करून सोन्याचंच बोलायचे. आप्पा वैतागायचे. "सोन्याचं मला काय करायचंय? पितळ दावतंय का, तेवडं बोला."

माणूस सोनं नको म्हणतोय म्हटल्यावर गल्लीची खात्रीच पटली. आप्पांना कुठेतरी हंडाभर गुप्तधन लागलंय असं ठरलं. कोणी म्हणालं, मशीनचा खर्च कशाला, पायाळू माणूस न्या, त्याला जमिनीतलं दिसतं. अक्कलकोटकडचा एक पायाळू खरंच येऊन चहा पिऊन गेला. त्याला परसातला तांब्या काही दिसला नाही. दूधवाल्याने त्या महिन्यात दुधात पाणी घालणं बंद केलं होतं, असा काकूंचा दावा आहे.

मलाही वाटायचं, रिकामपणाचा छंद आहे. पण एकाच इंग्रजी शब्दाचा अर्थ चौथ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा मी चिडून विचारलं, "आप्पा, तुम्हाला शोधायचंय तरी काय?"

आप्पांनी वही मिटली. त्यांचं गाव मोहोळकडचं. लहानपणी एकदा ते शेतात पाणी घेऊन निघाले होते. शेताच्या कडेलाच बोरीचं झाड लगडलेलं. दगड मिळेना, म्हणून त्यांनी बोरं पाडायला हातातला तांब्याच भिरकावला. बोरं पडली, पण तांब्याच्या बुडाला चीर गेली. बापाच्या भीतीने त्यांनी तो बोरीखाली पुरला आणि आईला सांगितलं, ओढ्यात वाहून गेला.

"आयच्या लग्नात तिच्या बापानं दिल्याला. तेवड्यावरच तिचं नाव हुतं. घरातल्या बाकीच्या समद्या भांड्यांवर आमच्या बापाचं. तिला वाचाय येत न्हवतं बाई, पन त्या अक्षरावर बोट फिरवून म्हनायची, हितं मी हाय." मग ते म्हणाले, "मरस्तवर वडा वलांडताना खाली बगून चालायची."



शेत आता पुतण्याकडे होतं आणि तो तिथे प्लॉट पाडणार होता. मग आजच जाऊ, मी म्हणाले. आप्पा म्हणाले, एक कोटेशन यायचंय. नंतरही दर आठवड्याला मी तेच म्हणायची आणि दर आठवड्याला एक कोटेशन यायचंच असायचं. शेवटी पुतण्याचा फोन आला की मुरूम टाकायला सुरुवात झालीय. आप्पांनी त्या वेळी घरात असलेलं पाचवं यंत्र, वहीत ज्याच्यापुढे 'बरं' एवढंच लिहिलं होतं ते, ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आप्पा, काकू आणि मी निघालो. यंत्र पोत्यात होतं. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, माझी सवत.

शेतात पांढरे दगड रोवलेले होते. बोर नव्हती; पुतण्याने ती गेल्याच वर्षी तोडली होती. आप्पांनी लांबच्या विहिरीवरून आणि बांधावरून अंदाज घेतला आणि जागा ठरवली. त्या जागेवर गुडघाभर मुरूम पडलेला होता. यंत्राची पोच वीतभर. वहीतल्या 'खोली'च्या रकान्यात ते आप्पांनीच लिहून ठेवलेलं.

तरी ते दुपारपर्यंत फिरत राहिले. बैलाचा नाल सापडला, बाटल्यांची झाकणं सापडली, जेसीबीचा एक बोल्ट सापडला. प्रत्येक आवाजाला आप्पा खाली बसायचे, खुरप्याने उकरायचे आणि गुडघ्यावर हात टेकून उठायचे. काकूंनी डबा उघडला, कोणी खाल्लं नाही. मला आप्पांचा राग आला आणि मी बोलून गेले, "आप्पा, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बोरही होती हो इथं." बोलले आणि लगेच वाटलं, जीभ आवरायला हवी होती.

आप्पा रागावले नाहीत. यंत्राच्या दांड्यावर रेलून म्हणाले, "शोदलं न्हवतं तवर तांब्या हितंच हुता की. शोदून न्हाई घावला, तर मग कुटं हाय म्हनायचं?"

दोन वर्षांची सगळी कोटेशनं मला तेव्हा कळली.

मग त्यांनी पोत्यातून परसातला तो तांब्या काढला. कुंपणावरून मी तो कितीदा पाहिला होता, हातात कधी घेतला नव्हता. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, भागीरथी. पुढे मागे कुणाचंही नाव नाही. मी मोठ्याने वाचलं. आप्पा म्हणाले, जुन्यावर अगदी अस्संच होतं. पण मशीन तपासायच्या तांब्यावर नाव कशाला घातलं, मी विचारलं.

"मशीनला सवय व्हावी," आप्पा म्हणाले.

मी हसत तांब्या त्यांच्या हातात परत दिला.

आप्पांनी मुरमात खड्डा घेतला. हाताने वीत घालून खोली मोजली, जास्त झाली तेवढी माती परत लोटली. खोल पुरलात तर कुणी नेणार नाही, असं मी सुचवलं. आप्पांनी नकाराची मान हलवली. "सादी मशीन असली कुनाकडं, तरी घावला पायजे."

तांब्या उभा ठेवून त्यांनी वर मुरूम सारखा केला. काकूंनी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. या वेळी खुणेला वीट ठेवली नाही. आप्पांनी यंत्र सुरू करून त्या जागेवरून एकदाच फिरवलं. ते वाजलं. मग ते खाली बसले आणि मुरमावरून सावकाश बोट फिरवत म्हणाले, "हितं हाय."

या वेळी ते मला सांगत नव्हते.