काउंटीतली सगळ्यात चांगली शाळा

तुलना करावी तर मी! गवत कापायचं यंत्र घेताना मी दुकानदारांना इतकं पिडलं होतं, की एक जण मला पाहून मागच्या दाराने पळाला. तेव्हा जोसीसाठी काउंटीतली सगळ्यात चांगली चार्टर शाळा शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! फी नाही, पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळींचा. आमच्या टॅलमन काउंटीत अशा शाळा पिझ्झाच्या दुकानांइतक्या झाल्यात.

"अरे, पण हवीय कुणाला?" माझी बायको लॉरेटा म्हणाली. "गल्लीतली शाळा काय वाईट आहे? मिसेस ओकाम्पो रोज जोसीला घेऊन बसतात. परवा आजीशी फोनवर पूर्ण वाक्य बोलली पोरगी!"

आमची जोसी आठ वर्षांची. बोलताना अडखळते. वर्गातली पोरं हसायची, म्हणून हात वर करणंच सोडलं होतं तिने. ओकाम्पोबाईंमुळे आत्ता कुठे पुन्हा करायला लागली होती. पण मला 'आत्ता कुठे' पुरेना!

"याहून चांगलं कुठेतरी असणारच," मी म्हणालो.

"असेल. तुझ्या डोक्यात!"

मी एका विमा कंपनीसाठी गारपिटीने फुटलेली छपरं तपासतो. शाळा बघायला कामावरूनच जायचो. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद लावलेली फळी, कमरेला मोजायची टेप. बाकीच्या शाळांत मला कुणी बसा म्हटलं नाही. लार्कस्पर अकादमीत मात्र प्राचार्य कीलर दारातच धावत आले. शाळा चपलांच्या एका जुन्या दुकानात होती, पण मनाने मोठी!

"आपण कशासाठी...?"

"काउंटीतल्या सगळ्या चार्टर शाळा बघतोय. तुलना करून शुक्रवारी निकाल लावणार."

कीलरांचा चेहरा खडूसारखा झाला. "बसा ना! डोनट घ्या! अहो, दोन घ्या!"

काय ही पालकांची कदर, मला वाटलं. पोरं उठून उभी राहिली. एकाने व्हायोलिन वाजवलं. छतभर कागदाचे ग्रह लटकवले होते, त्यातला गुरू तर गादीएवढा! मी वर बघून भारावून गेलो.

"बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी काही सोय?"

"आहे ना! खास बाई आहेत!" कीलर नाहीसे झाले आणि जरा वेळाने पांढऱ्या कोटातल्या एका बाईंना घेऊन आले. कोटाला चीजचा वास येत होता. आत्ताच जेवल्या असतील, मी मनात म्हटलं.

त्या रविवारी शेगडीवर बर्गर उलटता उलटता मी अख्ख्या गल्लीला निकाल सांगितला. "व्हर्नने पाहिलंय म्हणजे झालं!" गल्ली म्हणाली. आमच्यासकट निम्म्या गल्लीने घरबसल्या संगणकावर प्रवेश उरकला. लॉरेटाने नुसता बर्गर उचलला, आणि तिला पटलंच असं मी धरून चाललो!

ऑगस्टात शाळेच्या पहिल्या दिवशी जोसीचा हात धरून मी ऐटीत आत शिरलो.

कीलर दचकले. "तुम्ही? पुन्हा?"

"मुलीला घेऊन आलोय."

"मुलगी? म्हणजे... तुम्ही काउंटीचे तपासनीस नाही?"

"छे! मी छपरं तपासतो."

कीलर मटकन खुर्चीत बसले. "अहो, मग ते डोनट!"

"डोनट गेले खड्ड्यात! त्या बाई कुठायत?"

"शेजारी. पिझ्झा भाजतात त्या."

जोसीने माझा हात घट्ट धरला. मी तिला घेऊन तसाच गल्लीतल्या शाळेत गेलो. ऑफिसातल्या बाई गोड हसल्या. "जागा? हवी तेवढी आहे! तुमच्या गल्लीतली पोरं एकदम गेली ना. मुलं कमी झाली, म्हणून एक पद कापलं वरून."

"कुणाचं?"

त्यांनी माझ्याकडे नाही, जोसीकडे पाहिलं. "ओकाम्पोबाईंचं. गेल्या त्या, बहिणीकडे, दुसऱ्या राज्यात."

असा राग आला मला! काउंटीवर, कीलरांवर, पिझ्झावर. सगळ्यांवर रागावून झाल्यावर एकच माणूस उरला, आणि त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता.

सप्टेंबरात काउंटीचा खरा तपासनीस लार्कस्परला आला. हाफ पँट, डोक्यावर टोपी. हा कुणाचा तरी पालक असं समजून त्याला डोनट सोडा, खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही! उभ्या उभ्या तो वर बघत राहिला. मग त्याने तो कागदाचा गुरू खाली ओढला. मागे छप्पर इतकं कुजलेलं होतं की भोकातून आभाळ दिसलं! शाळेला कुलूप लागलं. गल्लीतली पोरं निमूट जुन्या शाळेत परतली. गल्ली आता मला हातही करत नाही.

त्या तपासनिसाची हकीकत मला लॉरेटाने जेवताना सांगितली. जोसीने चमचा खाली ठेवला.

"ड... डॅड, छ... छ... छपरं तर तूच त... तपासतोस ना?"

वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, असं ओकाम्पोबाईंनी आम्हाला बजावलं होतं. मी नाही बोललो. नंतरही नाही.