घनश्यामभाऊंच्या गाडीला भोंगा

रीताने गाडीची किल्ली छपरीतल्या खुंटीवरून काढून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारातली गाडी गायब होती.

"लटारू घेऊन गेला असन," इंदुताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "त्याच्या भाचीले चिमूरच्या दवाखान्यात दाखवाचं होतं."

"आई, किल्ली माझ्याजवळ आहे!"

"तुह्या बाबानं तीन घरी दुसऱ्या किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या. अडीअडचणीले लागते म्हने."

रीता वरोऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. घनश्यामभाऊंना जाऊन चार महिने झाले होते. ते होते तोवर ही जुनी पांढरी गाडी गावाची होती, ते त्यांचं ते. पण आता ती बाबांनी शेवटची उभी केली तशी राहावी, एवढंच रीताचं म्हणणं होतं. निदान विचारावं तरी! दहा रुपयांचं मासिक नेणारा पोरगा रजिस्टरवर सही करतो. हे लोक अख्खी गाडी नेत होते, आणि परत यायची ती डॅशबोर्डवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी आणि मागच्या सीटवर कोंबडीची पिसं घेऊन.

तिने ऑनलाइन अलार्म मागवला. तो बसवायला चिमूरच्या एका फिटरला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, घरी कोनी मानूस असन तं त्याले फोन द्या ना."

झालं. आता अलार्म रीताच बसवणार होती.

मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस "बस, दस मिनट का काम" म्हणाला होता. रविवारी सकाळी सहाला बॉनेटमध्ये गेलेलं रीताचं डोकं आठ वाजता बाहेर आलं. अकरांपैकी नऊ वायरी कुठे ना कुठे लागल्या होत्या. धक्का केवढा बसला की वाजायचं, हे ठरवणारं एक बटण होतं. ते तिने संतापाच्या भरात शेवटपर्यंत पिळलं. मग किल्ली आणि रिमोट पुढच्या सीटवर ठेवून, दार ढकलून ती हात धुवायला गेली. जवळपास कोणी नाही असं पाहून अलार्मने स्वतःहून चारी दारं लॉक करून घेतली, किल्ली आतच. काम चोख होतं. तेवढ्यात शेजारची कोंबडी बॉनेटवर चढली.

दुसऱ्या एखाद्या गावात लोकांनी कानात बोटं घातली असती आणि गाडीवाल्याला शिव्या दिल्या असत्या. हे गाव जंगलाला लागून होतं. गावच्या वन समितीने रानाच्या टोकाला वाघाची सूचना द्यायला भोंगा लावलेला, आणि भोंगा वाजला याचा अर्थ इथे एकच. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या टाकून धावत आल्या. बकऱ्या थेट चुलीपाशी नेल्या गेल्या. घराघरांतून थाळ्या बडवल्या जाऊ लागल्या. दोन मिनिटांत गल्लीत रीता, कोंबडी आणि तो आवाज एवढेच उरले.

"वाघ नाही! माझी गाडी आहे!" रीता ओरडली.

"गाडीखाली बसला असन, बाई! घरात हो!" कौलांवरून कोणीतरी सल्ला दिला.

ती लटारूच्या दाराशी धावली.

"लटारूभाऊ, किल्ली द्या!"

"कायची?" आतून आवाज आला.

"माझ्याच गाडीची!"

"अशात कुठी जाऊन राह्यली? वाघ गेल्यावर नेजो ना."

"वाघ नाहीये! तो अलार्म आहे. मी बसवलाय."

"काऊन?"

रीता थबकली. हा अलार्म तुमच्यासाठीच आहे, हे बंद दारातून आणि तेही किल्ली मागताना सांगणं अवघड होतं.

"चोरांसाठी," ती म्हणाली.

"आपल्या गावात चोर कुठी हाय?" लटारूने खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं.

शेवटी किल्ली खिडकीतून, लांब बांबूच्या टोकाला बांधून बाहेर आली.

आवाज बंद झाला तेव्हा वनरक्षक दीपिका मोटारसायकलवरून येऊन ठेपली होती. "कुठी दिसला?"

"कोणीही दिसला नाही. गाडीचा अलार्म आहे."

दीपिकाने गाडीभोवती एक चक्कर मारली. "तलावाच्या पल्याड ऐकू आला मले," ती कौतुकाने म्हणाली. "समितीचा भोंगा तं माकडानं वायर तोडल्यापासून मुकाच हाय."

आता तरी लोक चिडतील, रीताला वाटलं. भांडायला येतील, आणि मग चार महिन्यांचं सगळं त्यांना एकदाच ऐकवता येईल. तिने मुद्देही मनात लावून ठेवले. संध्याकाळी सरपंच भैयाजी सात-आठ जणांना घेऊन आलेच. मागे लटारू होता.

"पोरी, तुले विचाराले आलो," भैयाजी म्हणाले. "मोहफूल संपेपर्यंत सकाळची गाडी रानाच्या टोकाले उभी राहू दे. कोनाले काही दिसलं का बटन दाबाचं. लटारू नेईन, लटारू आनन. तू नाई म्हनशीन तं नाई."

चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. विचारल्यावर नाही म्हणणं किती कठीण असतं, याचा विचार मात्र तिने केला नव्हता. पहाटे बाया मोहाखाली वाकलेल्या असतात. वाघ वाकलेल्या माणसावरच येतो, हे तिलाही ठाऊक होतं.

"न्या," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "पण सीट आणि आरसा हलवायचा नाही! बाबांनी लावलेत तसेच राहिले पाहिजेत. तुम्ही दर वेळी सीट पुढे ओढता, आणि दर वेळी मी ती परत मागे लावते. मागून तिसरी खाच. चार महिने हेच करतेय मी!"

सगळे वळून लटारूकडे पाहू लागले. घनश्यामभाऊ सहा फूट होते. लटारू टाचा उंचावून पाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी रीता तरातरा बाहेर आली. लटारू स्टेअरिंगमागे बसला होता. त्याच्या पाठीशी अर्धं भरलेलं धानाचं पोतं होतं आणि पोत्यावर उशी. पायाचा अंगठा कसाबसा क्लचला टेकला होता.

"सीट नाई हालवली, बाई."

"आणि आरसा?"

"नाई हालवला. निस्तं आभाळ दिसून राह्यलं त्यात."

गल्ली अरुंद होती. गाडी मागेच काढावी लागायची. रात्रभर जुळवलेली चार तिखट वाक्यं रीताच्या जिभेवर होती. ती तशीच गिळून ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"येऊ द्या, लटारूभाऊ," ती म्हणाली. "येऊ द्या. येऊ द्या."