जावयाची बाथरूम

कोणत्याही घराची प्रतिष्ठा त्या घरात कोणत्या वस्तू वापरल्या जातात यावर ठरत नाही. कोणत्या वस्तू न वापरता राखून ठेवल्या आहेत यावर ठरते. शोकेसमधला काचेचा डिनर सेट, सोफ्यावरचं प्लॅस्टिक, पाहुण्यांची चादर हे या शिस्तीचे प्राथमिक टप्पे होत. माझ्या शेजारच्या सिंधुबाई आणि रावजी यांनी त्यापुढची पायरी गाठली आहे. त्यांनी एक अख्खी बाथरूम राखून ठेवली आहे.

दिंडोरीची द्राक्षबाग मुलावर सोपवून हे दांपत्य नाशिकला फ्लॅटमध्ये राहायला आलं, तेव्हाच मागच्या खोलीची बाथरूम जावयासाठी मुक्रर झाली. जावई प्रफुल्ल विंचूरजवळच्या एका वायनरीत असतात. वाईन हुंगून तिचं काय बिघडलंय ते सांगणं हे त्यांचं काम (पगार नाकाला मिळतो, बाकीचं शरीर सोबत जातं). ते सासरी रीतसर मुक्कामाला येतात धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे सुमारे तीन वर्षांतून एकदा. मधल्या काळात बाथरूमला कुलूप असतं. नळाच्या तोंडाला पिशवी, मगावर किमतीचं लेबल, फरशीवर पाण्याचा एक डाग नाही. इतकी कोरडी बाथरूम मी दुसरी पाहिलेली नाही.

आता थोडं विज्ञान. फरशीवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात दोनेक इंच पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास व आपलं घर यांच्यामध्ये बुचासारखं उभं असतं. वरून नवं पाणी पडलं नाही, की उन्हाळ्यात ते हळूहळू उडून जातं आणि गटाराला वाट मोकळी होते. जावई आणि इतर माणसं यांतला फरक निसर्गाला कळत नाही, ही त्याची जुनी उणीव आहे.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात प्रफुल्ल आणि उज्वला आठ दिवस राहायला आले होते. प्रफुल्ल बाथरूममध्ये गेले, लगेच बाहेर आले, आणि वायनरीतलं एक तातडीचं काम त्यांना आठवलं. संध्याकाळच्या आत दोघं परत गेले. उज्वला ही सिंधुबाईंची एकुलती लेक. एरवी ती येते ती चहापुरती. तेव्हापासून सिंधुबाईंचा एकच ध्यास होता : पुढच्या खेपेला लेक आठ दिवस राहिली पाहिजे.

अडचण एवढीच, की वास आला असं जावयानं म्हणायचं नसतं आणि वास येतो असं सासूनं कबूल करायचं नसतं. त्यामुळे नसलेल्या वासावर उपाययोजना सुरू झाली. जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवल्या. कापूर जाळला. मोगऱ्याचा फवारा मारला. दाराला लिंबू-मिरची बांधली (वास दृष्टीचा असल्यास). वास होता तिथेच राहिला, फक्त त्याला मोगऱ्याची सोबत झाली. मग रावजींनी एक्झॉस्ट फॅन बसवला. फॅननं आतली हवा बाहेर फेकली आणि तिची जागा भरायला गटारातली ताजी हवा वर खेचली. फॅनच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

दरम्यान सोसायटीनं सूचना लावली : प्रत्येक सभासदाने नहाणीत आठवड्यातून एक बादली पाणी ओतावे. सिंधुबाईंनी ती तंतोतंत पाळली. ज्या बाथरूममध्ये दोघं रोज अंघोळ करतात, तिथे त्या दर सोमवारी एक जादा बादली ओतू लागल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सिंधुताई, ती बादली कुलपातल्या बाथरूममध्ये ओता."

"तिथं कशाला? ती वापरात नाय ना!"

"म्हणूनच. आणि वर चमचाभर गोडंतेल सोडा. पाणी लवकर उडत नाही."

"तेल? आन् जावईबापू घसरले म्हंजे? लेक माझी हे, तुमची नाय."



यंदा धोंड्याचा महिना ऐन मे महिन्यात लागला. जावई-लेक आले. ताटात पुरणाचे धोंडे, वाटीत आमरस; शेजारीण म्हणून मीही पंगतीला होते. पानावर बसण्याआधी प्रफुल्ल यांनी बाथरूमचं दार बोटभर उघडलं आणि परत लावलं.

"मामी, आम्ही जेवून निघतो म्हणतो," ते बसता बसता म्हणाले. "वायनरीतल्या टाकीचं तापमान बघावं लागेल."

उज्वला मान खाली घालून धोंडा कुस्करत राहिली. सिंधुबाईंच्या हातातला आमरसाचा डाव थबकला, आणि मग कलला. रस जावयाच्या कॉलरपासून थेट मांडीपर्यंत उतरला. हे चुकून झालं असं सिंधुबाईंचं म्हणणं आहे. मी समोरच बसले होते. तीन डाव चुकून कलले.

"अगं, अगं! आंघोळ घातली का जावयाला?" रावजी ओरडले.

"घातली नाय, आता घालायची," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी नळाच्या तोंडाची पिशवी काढली.

प्रफुल्ल छाती भरून श्वास घेऊन आत गेले. आमरस चिकट असतो, पाणी भरपूर लागतं. बादली भरण्याचा आणि रिती होण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. केव्हातरी त्यांना श्वास घ्यावाच लागला असणार. बाहेर आले ते टॉवेलनं कान पुसत, नाक वर करून. त्यांनी दोनदा हवा हुंगली.

"मामी, वास..." (हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला) "...गेला."

"कसला वास?" सिंधुबाईंनी विचारलं.

"काही नाही. टाकी राहील आठ दिवस."

उज्वला आठ दिवस राहिली. मायलेकींच्या गप्पा भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येत. वास गेला तो जावयाच्या पायगुणानं, असा सिंधुबाईंचा निष्कर्ष आहे. जावई अंघोळ करतात तोवर वास नसतो आणि ते गेल्यावर पुन्हा येतो, इतकं निरीक्षणाशी जुळणारं अनुमान विज्ञानातही क्वचित सापडतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी फरशी फडक्यानं कोरडी केली, मगाचं लेबल दाबून बसवलं आणि कुलूप लावलं. तो डाव मात्र त्यांनी वेगळा काढून ठेवला आहे, पुढच्या खेपेसाठी.

तुम्ही हसलात, ते योग्यच आहे. तुमच्याकडे असं कुलूप नाही. वॉशिंग मशीनमागे एक जाळी आहे, बाल्कनीच्या कोपऱ्यात दुसरी, आणि मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याची बाथरूम तशीच स्वच्छ आहे. अधूनमधून येणारा तो वास शेजाऱ्यांकडून येतो, हे तुमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. हल्ली तुमच्याकडे आलेले पाहुणे चहा अर्धा ठेवून उठतात, ते मात्र खरोखरच कामात असतील.