साहेबांना न कळवण्याच्या बाबी

सकाळी बरोबर साडेसहाला ब्रिगेडियर मोहोळकर आमच्या सोसायटीच्या गेटवर रिपोर्ट घेत. पायांत चकाकणारे बूट, काखेत वेताची छडी आणि समोर वॉचमन शिंदे. शिंदे साताऱ्याकडचा, पूर्वी मार्केटात पोती उचलायचा. फौजेशी त्याचा संबंध एवढाच, की त्याच्या गावात घरटी एक जण फौजेत होता आणि तो नव्हता. तरी तो टाचा जुळवून ओरडे, "सब ठीक है, सर!"

मी गॅलरीतून हे ऐकत असे. पाण्याची मोटार जळून तेव्हा दोन दिवस झालेले असत, किंवा टाकीत कबुतर पडलेलं असे. पण सब ठीक असे.

एकदाच शिंदेनं खरं सांगितलं होतं. जिन्यातला बल्ब गेलाय, एवढंच. साहेबांनी शाळेला निघालेल्या सगळ्या पोरांसमोर त्याला चाळीस मिनिटं उभं केलं. "बल्ब गेला तेव्हा तू काय करत होतास? नाही, मला सांग, तू काय करत होतास?" बल्ब जाताना माणसानं काय करत असावं, याचं उत्तर शिंदेला देता आलं नाही. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत काहीही बिघडलं नाही.

साहेब निवृत्त होऊन नेरूळला आले आणि तिसऱ्या महिन्यात चेअरमन झाले. निवडणूक वगैरे झाली नाही. सर्वसाधारण सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी चार्ज घेतो. कोई शक?" शक सगळ्यांनाच होता, पण तो बोलून दाखवायला आमच्यातला कुणी उभा राहिला नाही. बिनविरोध म्हणतात ते हेच.

मी सेक्रेटरी होते. बेलापूरला कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. साहेबांच्या कारकिर्दीत मी डायरीत एक नवं पान उघडलं: 'साहेबांना न कळवण्याच्या बाबी'. कोणती गोष्ट कुणाला माहीत आहे, याचा घोळ होऊ नये म्हणून. दोन नंबरची टाकी गळते. गच्चीचं कुलूप हरवलं. सध्या लावलंय ते खजिनदार कुलकर्ण्यांच्या सायकलचं. गेटजवळचा बदाम मेला. बदाम साहेबांनी स्वतः लावला होता, म्हणून शिंदे दर वेळी नर्सरीतून नवं रोप आणून तिथे खोवी. प्रत्येक रोप आधीच्यापेक्षा थोडं लहान मिळे. साहेब छडीनं पानं हलवून म्हणत, "ग्रोथ चांगली आहे."

मोटार जळाली तेव्हा आम्ही मिस्त्रीला कुलकर्ण्यांचा पाहुणा म्हणून आत घेतलं. पाने आणि पकडी पेढ्यांच्या खोक्यातून आल्या. जिन्यात साहेबांनी पाहुण्याला रोखून विचारलं, "कुठून आलात?" मिस्त्री खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "वर्कशॉपमधून." कुलकर्ण्यांनी खोकं पाठीमागे धरलं. साहेब म्हणाले, "गुड. सेमिनार असेल." पाणी आलं, तेव्हा नोटीस लागली: 'काटेकोर नेतृत्वामुळे पाणीपुरवठा सुरळीत'. त्यावर आम्ही सगळ्यांनी, कुलकर्ण्यांसकट, सह्या केल्या.

घाबरायची नाही ती एकच, सारसोळ्याची मासेवाली जनाबाई. साहेब घड्याळ दाखवून म्हणाले, "दस मिनिट लेट!" ती पाटी उतरवत म्हणाली, "भरतीला इचार जाऊन. तिच्या हातान् घड्याल हाय का ते बग. बोंबील घेतंस का जाऊ?" साहेबांनी बोंबील घेतले. खुलासा मागितला नाही.

माझ्या यादीचं गुपित साहेबांच्या बायकोला, सुमनताईंना, ठाऊक होतं. बारीक, हसऱ्या बाई. एका दुपारी त्या आल्या आणि दार लोटून घेत म्हणाल्या, "वसुधा, तुझ्या पानावर अजून एक घाल गं."

छातीत गाठ लागली होती. वाशीच्या डॉक्टरांनी तीन मंगळवार बोलावलं होतं. पहिल्यांदा तपासणी, मग सुईनं तुकडा काढायचा, मग रिपोर्ट.

"आणि साहेबांना?"

"वेडी आहेस का? ते डॉक्टरांना रांगेत उभं करतील. आणि मला विचारतील, गाठ आली तेव्हा तू काय करत होतीस." हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या.

साहेबांना सांगण्यासाठी आम्ही जुईनगरला एक भजनी मंडळ काढलं. मी मंगळवारी अर्धी रजा टाकू लागले.

दुसऱ्या मंगळवारनंतरच्या रविवारी साहेबांनी मला गच्चीवर बोलावलं. मला वाटलं, कुलूप. मी मनातल्या मनात कुलकर्ण्यांचा राजीनामा लिहायलाही घेतला.

"सेक्रेटरी," साहेब टाकीकडे बघत म्हणाले, "माझ्या घरी रविवारी डब्यांचं इन्स्पेक्शन असतं. तांदळाच्या डब्यात हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. कधीची गाठ आहे?"

मी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता.

"मग आता तुम्ही त्यांच्याशी बोला," मी म्हटलं. "मलाही रजा पुरत नाही."

"निगेटिव्ह." त्यांनी छडी टाकीला टेकवली. "माझ्या हाताखाली एक कॅप्टन होता. एका ट्रकचे ब्रेक खराब आहेत, हे त्याला माहीत होतं. मला सांगितलं नाही. घाबरला. ट्रक दरीत गेला, ड्रायव्हरचा पाय गेला. मी कॅप्टनची नोकरी घालवली. चौकशीत सगळं विचारलं, पण तो कुणाला घाबरला, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

ट्रकबद्दल सांत्वन करावं, असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

"मला कळलंय हे सुमनला समजलं, तर ती माझ्यासमोर कडक उभी राहील. सगळेच राहतात. तुमच्याजवळ रडते का?"

"रडतात."

"गुड," ते म्हणाले. "कॅरी ऑन."

मग ऑर्डर मिळाल्या. पुढच्या मंगळवारी ते आमच्या मागच्या बसनं येणार, हॉस्पिटलसमोर रसवंती आहे तिथे बसणार. आधीचे दोन मंगळवार आपण बेसावध राहिलो, हे त्यांना लागलं होतं. बाहेर पडताना रिपोर्ट चांगला असेल तर मी पर्स डाव्या खांद्यावर घ्यायची, वाईट असेल तर उजव्या.

"आणि उजव्या खांद्यावर असली तर तुम्ही काय करणार?"

त्यांच्याकडे ऑर्डर नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी आम्ही पाऊण तास बाकावर बसलो. सुमनताईंनी माझा हात एवढा घट्ट धरला होता, की बांगडीचा वळ उठला. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. गाठ साधी होती. काढायचीही घाई नव्हती, फक्त लक्ष ठेवायचं. ताईंनी आधी डॉक्टरांना नमस्कार केला, मग नर्सला, मग चुकून पंख्याच्या बटणालाही.

बाहेर आलो. मी पर्स डाव्या खांद्यावर घेतली आणि समोर पाहिलं. रसवंतीच्या बाकावर साहेब ताठ बसले होते, समोर रसाचा भरलेला ग्लास. त्यांनी पर्स पाहिली. खात्री पटेना म्हणून बहुतेक, ते अर्धवट उठले. मी पर्सवर दोनदा हात आपटला. तेव्हा ते खाली बसले, चष्मा काढला आणि रसवाल्याचं फडकं ओढून घेऊन तोंडावर धरलं. बराच वेळ धरलं. रसवाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना दिसला.

"काय बघतेस?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. बस आली."

सानपाड्याच्या पुढे एक रिक्षा आमच्या बसला ओलांडून गेली. आत साहेब डोकं गुडघ्यापर्यंत वाकवून बसले होते; बहुतेक शत्रूच्या टप्प्यातून जात असावेत. मी ताईंना घाईघाईनं दुसऱ्या बाजूचं खाडीचं पाणी दाखवलं.

घरी पोहोचलो तर दार उघडं होतं आणि साहेब दारात उभे. कमरेला लुंगी, पण पायांत अजून बूट.

"किती वाजले? अकरा मिनिटं लेट! हे भजन आहे का मोर्चा?"

ताईंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. यांना काही पत्ता नाही, असं त्यांना सांगायचं होतं. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "अहो, घामाघूम कशानं झालात?"

"पीटी," साहेब म्हणाले.

"लुंगीवर?"

"कोई शक?"

ताई हसत आत गेल्या आणि स्वयंपाकघरात गुणगुणायला लागल्या. साहेब चौकटीला टेकले. एरवी भिंतीला टेकणाऱ्या शिंदेला ते दंड ठोठावत.

"आत जाऊन बसा साहेब," मी हळू म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आत ऐकू जाईल अशा बेतानं, फाटक्या आवाजात ओरडले, "आणि पुढच्या मंगळवारी भजनाला मी सोडायला येणार!"