दोनशे ससे आणि पोवळ्यांची टेकडी

एका जंगलात, जिथे फार फार पूर्वी अख्खा समुद्र होता, तिथे आता प्यायला पाणी नव्हतं. हसू नका, मुलांनो. तळ्यात जेमतेम आठ दिवसांचं पाणी उरलं होतं.

तिथे खवल्या नावाचं एक खवले मांजर राहायचं. त्याचं सगळं आयुष्य जमीन उकरण्यात गेलेलं. खवल्या म्हणाला, "इथे पूर्वी समुद्र होता ना, त्यात पोवळ्याच्या किड्यांनी बांधलेली चुनखडीची टेकडी खाली गाडली गेलीय. ती आतून भोकाभोकांची आहे. पाऊस मुरून तिच्यात गोडं पाणी साठलं असणार. कुठे आहे, ते फक्त ऐकावं लागेल."

मग दोनशे ससे एका ओळीत जमिनीला कान लावून आडवे झाले. भागीरथी हत्तिणीने पाय आपटला. दणका खाली गेला, खडकांवर आदळून परत आला. तो किती वेळाने ऐकू आला, ते प्रत्येक सशाने सांगितलं. एकाला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. तीही त्याने प्रामाणिकपणे सांगितली.

खवल्याने सागाच्या पानावर त्याप्रमाणे रेघा ओढल्या. सगळ्या आडव्या. एकाच जागी त्या फुगून वर आल्या होत्या.

"हीच ती टेकडी!" खवल्या आनंदाने नाचला.

"कुठे आहे म्हणायची?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"आपल्या चौथऱ्याखाली, महाराज."

त्या चौथऱ्यावर महाराज रोज उन्हाला पहुडत.

"रेघा उत्तम आहेत," कोल्हा प्रधान म्हणाला. "टेकडी फक्त जरा डावीकडे घ्या."

"अहो प्रधानजी, टेकडी कशी हलवणार?"

"मग पान हलवा."

आणि त्याने मातीत काढलेल्या जंगलाच्या नकाशावरचं पान चार बोटं सरकवलं. फुगवटा नेमका खवल्याच्या बिळावर आला.

सात दिवस खोदकाम चाललं. बीळ गेलं, पाण्याचा थेंब नाही. "खाली पाणी नसल्याचा शोध यशस्वीरीत्या लागला आहे," प्रधानाने जाहीर केलं.

आठव्या दिवशी तळं आटलं. बेघर खवल्याचं डोकं फिरलं. महाराज वर घोरत असतानाच त्याने चौथऱ्याखाली बीळ उकरायला घेतलं. खाली, आणखी खाली. एकदम पाणी उसळलं, चौथरा खचला आणि महाराज धप्पकन आत पडले.

सगळे पोटभर पाणी प्यायले. भागीरथीच्या पिल्लाने तर भिजलेल्या महाराजांवर सोंडेने आणखी पाणी उडवलं.

आता तिथे पाटी आहे: 'महाराजांनी स्वतः उतरून शोधलेलं पाणी.' खाली बारीक अक्षरांत सशांचे आभार मानलेत, पोट गुरगुरलं त्याचेसुद्धा. खवल्यावर मात्र विनापरवाना खोदकामाचा खटला चालू आहे.

तात्पर्य: पाणी हवं असेल तर जमिनीला कान लावा. मान हवा असेल तर वेळेवर पाण्यात पडा.