मंगळाचा राखणदार

आमच्या शेजारचे बापू भिंतीत खिळा ठोकण्याआधी भिंतीला विचारतात. हसू नका, मी या कानांनी ऐकलंय. आमच्या अंगणात टेलिफोनचा खांब पुरायला माणसं आली, तर हे नारळ घेऊन आडवे! "जागेच्या राखणदाराची परवानगी घेतली काय?" ती माणसं घाटावरची, त्यांनी साहेबाचा कागद दाखवला. बापूंनी नारळ ठेवून, जागा सांभाळणाऱ्या त्या न दिसणाऱ्या राखणदाराला हात जोडून रीतसर गाऱ्हाणं घातलं, मगच पहार जमिनीला लागली. एवढं करून आठवड्यात फोन बंद! मी चांगलंच सुनावलं. तर म्हणतात, "मी खांबाचं गाऱ्हाणं घातलं होतं वहिनी, वायरीचं कुठे?"

पुढे मंगळावर गाडी उतरल्याची बातमी आली. उद्या माणसंही तिथे वस्तीला जातील, असं पेपरात कुणीतरी लिहिलं. झालं! बापू पेपर घेऊन आमच्या पडवीत हजर.

"पाणी नाही म्हणतात, लाल दगड म्हणतात. मग आमचा कातळ काय वेगळा आहे?"

या माणसानं आमच्या भाट्ये गावाच्या वरच्या अंगाला उघड्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती नेऊन भरली, चार उन्हाळे हंड्यानं पाणी घातलं आणि हापूसची कलमं जगवली. त्यामुळे मंगळाचा प्रश्न त्यांनी चहाच्या एका कपात निकालात काढला. "पण वहिनी, तिथल्या राखणदाराला कुणी विचारलंय काय?"

"अहो, तिथे कुणी राहतच नाही!"

"कातळावर तरी कोण राहत होतं? मालक दिसत नाही म्हणून जागा बेवारशी होते काय?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

आणि गंमत बघा. साऱ्या जगाला परवानगी विचारायला लावणाऱ्या या माणसाकडे त्यांची एकुलती लेक नीला महिनाभर परवानगी मागत होती. जावयाला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली होती, जायचं ते कायमचं. खेडहून दर रविवारी तिचा फोन यायचा, "बाबा, जाऊ ना?" आणि बापू तिला मंगळावरची हवा किती विरळ ते सांगायचे. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, घरात दुसरं माणूस नाही. शेवटी नीलानं रडकुंडीला येऊन मला फोन केला. "काकू, बाबा हो म्हटल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही."

मीही तोंड सोडलं. "बापू, तो मंगळ राहू द्या, पोरीला उत्तर द्या!" त्यांनी चपला घातल्या आणि बागेत निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी नीला स्वतःच आली. बापूंनी आम्हा दोघींना अंगणात बोलावलं. तुळशीपुढे केळीच्या पानावर नारळ होता. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले.

"बा न्यूझीलंडच्या राखणदारा, तुझं नाव मला ठाऊक नाही. माझी लेक तुझ्या जागेत राहायला येतेय, म्हणून आधी विचारतोय. काही चुकलंमाकलं तर पोटात घाल. तिला सर्दी लवकर होते, तेवढं बघ."

गाऱ्हाण्याला 'होय महाराजा' म्हणायला चार माणसं लागतात. नीला रडत होती, म्हणून मी एकटीच ओरडले, "होय महाराजा!"

नारळ फुटला. एक वाटी लेकीच्या हातावर ठेवत बापूंनी मला हळूच विचारलं, "त्याला मराठी समजलं असेल काय हो?"

नीला डोळे पुसत हसायला लागली. "मी समजावून सांगेन, बाबा."

"सांग. आणि तिथे पोचलीस की एक गाऱ्हाणं इथल्या राखणदाराला घाल."

"कसलं?"

"म्हणावं, माझा बाप आता एकटाच आहे. त्याच्याकडे जरा बघ."